खडा पडला, पण चुना कुठे साठतो आहे?



उन्हाळा सुरू झाला की जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतल्या सोनोग्राफी केंद्रांबाहेरची बाकडी भरू लागतात. कुणी कमरेवर हात दाबून बसलेला असतो, तर कुणी उलट्या करून गळून गेलेला. आपल्या घरांत या दुखण्याला पथरी म्हणतात, शेजारच्या घरांत मूतखडा म्हणतात. नाव कोणतेही असो, कळ एकच. पाठीतून निघते, पोटाला वळसा घालून जांघेत उतरते आणि भल्याभल्यांना जमिनीवर लोळवते.

खानदेशात हे दुखणे इतके ओळखीचे झाले आहे की त्याची भीती राहिलेली नाही. खडा पडला की तो कागदाच्या पुडीत बांधून ठेवायचा, आल्यागेल्याला दाखवायचा आणि "सुटलो एकदाचे" म्हणायचे. दोन-तीन वर्षांनी पुन्हा तीच कळ, तेच इंजेक्शन, तीच पुडी. या स्तंभाकडे येणारे प्रश्नही ठरावीक असतात. कोणता पाला खावा? दूध बंद करावे का? घरात आरओ बसवावा का? खडा पाडायचा कसा, हे सगळे विचारतात. तो आत तयार का झाला, हे फार थोडे विचारतात.

या महिन्यात त्याच प्रश्नाविषयी बोलू. खडा हे या आजाराचे दिसणारे टोक आहे. त्याच्या आधी कित्येक महिने, कित्येकदा कित्येक वर्षे, मूत्रपिंडाच्या आत कॅल्शियम साठत असते. सगळ्यांत ते एकाच पद्धतीने साठत नाही. ते कुठे आणि कसे साठले आहे, यावरून ते का साठले हे बऱ्याच वेळा कळते. आणि कारण कळले तर पुढचा खडा टाळता येतो, कधी कधी मूत्रपिंडही वाचवता येते.

बंबातला थर वेगळा, मूत्रपिंडातला वेगळा

आपल्याकडे बोअरचे पाणी जड. बंबात, गिझरमध्ये, चहाच्या पातेल्याच्या बुडाला पांढरा थर धरतो. तो पाहून साहजिकच वाटते की हेच पाणी पोटात गेल्यावर मूत्रपिंडातही असाच थर धरत असेल. समजूत सरळ आहे, पण शरीराचा कारभार इतका सरळ नाही.

बंबातला थर हा मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचा असतो. पाणी तापले की तो तळाशी बसतो. माणसाच्या मूत्रपिंडात साठते ते बहुतेक वेळा कॅल्शियम फॉस्फेट किंवा कॅल्शियम ऑक्झलेट. प्यायलेले पाणी थेट मूत्रपिंडात जात नाही. ते आतड्यातून रक्तात जाते, आणि रक्तातले कॅल्शियम किती ठेवायचे हे शरीर फार काटेकोरपणे ठरवते. जड पाण्याच्या एका लिटरमध्ये १०० मिलिग्रॅम कॅल्शियम आहे असे धरले, तरी तीन लिटर पाण्यातून मिळते साधारण एका मोठ्या पेला दुधाइतके. पाणी जड म्हणून खडे होतात, असा पक्का संबंध अभ्यासांतून सिद्ध झालेला नाही. पाणी स्वच्छ असावे, क्षार फार असतील तर गाळून घ्यावे, हे ठीक. पण आरओ बसवला म्हणून पथरीपासून सुटका झाली, असे समजून पाणी कमीच पीत राहणारा माणूस फसतो.

दिवसाला १८० लिटर

आपली दोन मूत्रपिंडे दिवसभरात साधारण १८० लिटर द्रव रक्तातून गाळतात. त्यातला जवळजवळ सगळा परत रक्तात घेतात आणि दीड-दोन लिटर लघवी बाहेर सोडतात. या गाळण्यात सुमारे १० ग्रॅम कॅल्शियमही खाली येते. शंभरातले ९८ हिस्से मूत्रपिंड परत उचलते. लघवीवाटे जाते ते साधारण १०० ते ३०० मिलिग्रॅम.

हे सगळे काम प्रत्येक मूत्रपिंडातल्या सुमारे १० लाख बारीक नलिका करतात. त्या आतल्या बाजूला उतरत उतरत, एकमेकींना मिळत, आठ-दहा निमुळत्या टोकांवर उघडतात. या टोकाला डॉक्टर पॅपिला म्हणतात. पॅपिलाच्या भागात मीठ आणि क्षार सर्वांत दाट असतात, रक्तपुरवठा कमी असतो. म्हणून चुना साठायला सुरुवात होते ती बहुधा इथे.

आपल्या भागातल्या शेतकऱ्याला हे सांगावे लागणार नाही. केळीला ठिबक असले की क्षारांनी ड्रिपर बंद पडतात. कधी क्षार नळीच्या आत बसतात, कधी तोंडाशी, तर कधी नळी स्वच्छ असते आणि वाफ्यातल्या मातीवरच पांढरे फुटते. तीन ठिकाणचा पांढरा थर म्हणजे तीन वेगळे दोष, आणि उपायही वेगळे. मूत्रपिंडाचेही तसेच आहे.

पॅपिलावरचे पांढरे चट्टे

अमेरिकेतील फिलाडेल्फियाचे मूत्ररोगतज्ज्ञ अलेक्झांडर रँडल यांना १९३० च्या दशकात एक प्रश्न पडला होता. खडा मोठा होईपर्यंत लघवीच्या प्रवाहात वाहून का जात नाही? तो कुठेतरी चिकटून वाढत असला पाहिजे. त्यांनी मृत व्यक्तींच्या मूत्रपिंडांच्या हजाराहून अधिक जोड्या उघडून भिंगाखाली तपासल्या. साधारण पाचातल्या एका जोडीत पॅपिलाच्या टोकावर मलईसारख्या रंगाचे पांढरट चट्टे दिसले. काही ठिकाणी त्या चट्ट्यालाच बारीक खडा चिकटलेला होता, झाडाला फळ लागावे तसा. आज या चट्ट्यांना रँडलचे चट्टे म्हणतात. दुर्बिणीने खडा काढताना शल्यचिकित्सकांना ते पडद्यावर स्पष्ट दिसतात.

हे चट्टे नेमके कुठून सुरू होतात, हे कळायला पुढे सत्तरएक वर्षे लागली. अँड्र्यू इव्हान, जेम्स लिंगमन, फ्रेडरिक को आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खडे असलेल्या रुग्णांच्या पॅपिलाचे बारीक तुकडे तपासून २००३ मध्ये निष्कर्ष मांडले. नेहमीचा कॅल्शियम ऑक्झलेटचा खडा होणाऱ्या माणसांत चुना नलिकेच्या आत नव्हता. तो नलिकेच्या बाहेरच्या पातळ अस्तरात सुरू झाला होता आणि तिथून आजूबाजूच्या भागात पसरत पॅपिलाच्या त्वचेखाली आला होता. हा चुना कॅल्शियम फॉस्फेटचा, म्हणजे आपल्या हाडांत असते त्याच जातीचा. वरची त्वचा फाटली की तो लघवीच्या संपर्कात येतो आणि त्यावर ऑक्झलेटचे थर चढत जातात.

दुसऱ्या काही रुग्णांत चित्र उलटे होते. त्यांच्या नलिकांच्या आतच खडेरी मालाचे बूच बसले होते. आतड्याच्या शस्त्रक्रियेनंतर ज्यांच्या शरीरात ऑक्झलेट जास्त शोषले जात होते, त्यांच्यात हे दिसले. ब्रशाइट नावाचा फॉस्फेटचा खडा होणाऱ्यांतही नलिका तुंबलेल्या आणि आजूबाजूचा भाग खराब झालेला आढळला. बाहेरून पाहिले तर तिघांचेही दुखणे एकच, पथरी. आत पाहिले तर तीन वेगळे आजार.

आपल्यासाठी यातली उपयोगाची गोष्ट अशी. ज्यांची लघवी कमी होते आणि लघवीतून कॅल्शियम जास्त जाते, त्यांच्या पॅपिलावर चट्टे जास्त आढळतात. म्हणजे चट्ट्यांचे प्रमाण काही अंशी आपल्या हातात आहे.

रिपोर्टमधला एक शब्द

आतापर्यंत सांगितले ते टोकावरच्या साठ्याविषयी. काही माणसांत कॅल्शियम मूत्रपिंडाच्या आतल्या भागात सगळीकडे पसरते. सोनोग्राफीच्या रिपोर्टवर त्याला नेफ्रोकॅल्सिनोसिस लिहितात. फुलर ऑलब्राइट या अमेरिकी वैद्यांनी १९३४ मध्ये हे नाव रूढ केले. घरातल्या कुणाच्या कागदावर हा शब्द दिसला, तर "बारीक खडे आहेत, पडून जातील" असे म्हणून तो कागद गादीखाली ठेवू नये. हा शब्द मूत्रपिंडविकारतज्ज्ञांना दाखवण्यासाठी आहे.

बहुतेक वेळा हा साठा मूत्रपिंडाच्या आतल्या गाभ्यात असतो. त्याची नेहमीची कारणे मोजकी आहेत. एक, गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथींचे काम वाढणे. तांदळाच्या दाण्याएवढ्या या चार ग्रंथी रक्तातले कॅल्शियम सांभाळतात. त्यातली एक बिघडून वाढली की हाडांतले कॅल्शियम रक्तात आणि तिथून मूत्रपिंडात उतरते. चाळिशी-पन्नाशीनंतरच्या स्त्रियांत हे जास्त दिसते. वारंवार खडे, हाडे दुखणे, बद्धकोष्ठ, उगाच उदास वाटणे अशी लक्षणे असतात, आणि घरात त्याला "वयामुळे" म्हणून सोडून दिले जाते. रक्तातले कॅल्शियम तपासले की शंका येते, पुढे पीटीएच ही तपासणी करतात. बिघडलेली ग्रंथी काढली की मूळ कारणच जाते.

दुसरे कारण म्हणजे मूत्रपिंडाला शरीरातले आम्ल बाहेर टाकता न येणे. याला रीनल ट्युब्युलर ॲसिडोसिस म्हणतात. हा आजार जन्मजात असू शकतो, तसाच तरुण स्त्रियांत डोळे-तोंड कोरडे पडण्याच्या शोग्रेन आजारासोबतही येतो. रक्तातले पोटॅशियम उतरून सकाळी अचानक हातपाय लुळे पडण्याचा प्रकारही यात घडतो. तिसरे कारण म्हणजे जन्मतः मूत्रपिंडाचा गाभा स्पंजासारखा असणे. चौथे कारण औषधांचा अतिरेक, त्याविषयी पुढे बोलू.

गाभ्याऐवजी मूत्रपिंडाच्या बाहेरच्या थरात कॅल्शियम दिसले तर गोष्ट अधिक गंभीर असते. बाळंतपणात फार रक्तस्राव होऊन तो थरच मेला असेल, तर नंतर तिथे चुना साठतो. बाळंतपण दवाखान्यातच व्हावे आणि रक्तस्रावाकडे एक मिनिटही दुर्लक्ष होऊ नये, याचे हेही एक कारण आहे.

मूल वाढत नसेल तर

आता थोडे नाजूक, पण घरात बोललेच पाहिजे असे.

एखादे मूल वयाच्या मानाने वाढत नाही. सारखे पाणी मागते, सारखी लघवी करते. उलट्या होतात, पाय वाकू लागतात. आजी म्हणते नजर लागली, कुणी टॉनिक देते, कुणी कॅल्शियमची बाटली. अशा मुलाची सोनोग्राफी केली की कधी कधी दोन्ही मूत्रपिंडांत चुना पसरलेला दिसतो. त्यामागे जन्मजात ॲसिडोसिस असू शकतो. काही मुलांत त्यासोबत ऐकूही कमी येते. या आजाराचे औषध महागडे नाही. आम्ल मारणारे क्षाराचे औषध रोज, न चुकता, वर्षानुवर्षे द्यावे लागते. वेळेवर सुरू झाले तर मूल वाढीला लागते. साठलेला चुना सहसा विरघळत नाही, पण पुढचा साठा रोखता येतो.

दुसरा आजार प्रायमरी हायपरऑक्झल्युरिया. यात यकृतातला एक घटक जन्मतः काम करत नाही, शरीर भरमसाट ऑक्झलेट बनवते आणि ते मूत्रपिंडात साठत जाऊन कोवळ्या वयातच मूत्रपिंड निकामी होऊ शकते. काही मुलांना ब-६ जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेने फरक पडतो. २०२० पासून परदेशांत नवीन औषधही मान्य झाले आहे, मात्र ते फार महाग आहे. म्हणून इथे लवकर ओळखणे हाच मोठा उपचार. लहान मुलाला खडा होणे हे कधीही साधे समजू नये.

हे दोन्ही आजार पुष्कळदा तेव्हा येतात, जेव्हा आई आणि वडील दोघांकडून एकच दोष मुलाला मिळतो. दोघेही स्वतः ठणठणीत असतात. नवरा-बायको जवळचे नातेवाईक असतील तर दोघांत एकच दोष असण्याची शक्यता वाढते, आणि असा दोष दोघांत असेल तर प्रत्येक गरोदरपणात आजारी मूल होण्याची शक्यता चारात एक. आपल्या समाजात चुलत, मावस, मामे भावंडांत निकाह होतात. शेजारच्या अनेक समाजांतही मामाची मुलगी करण्याची रीत आहे. असा निकाह जायज आहे, फर्ज मात्र नाही. ज्या खानदानात एखादे मूल अशा आजाराने गेले असेल किंवा कोवळ्या वयात डायलिसिसवर आले असेल, तिथे पुन्हा त्याच नात्यात सोयरीक ठरवण्याआधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. यात कुणाच्या घराण्याची बदनामी नाही. आधीच्या मुलाचे निदान लपवले तर पुढच्या मुलावर उपचारांची वेळ निघून जाते.

चुना आणि पुड्या

मोबाइलवर एक सल्ला फिरत असतो. गव्हाच्या दाण्याएवढा चुना रोज दह्यात किंवा पाण्यात घ्या, हाडे मजबूत होतील, गरोदर बाईला द्या, मुलांना द्या. पानाचा चुना म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड, अतिशय दाहक क्षार. तैवानमध्ये विड्यासोबत भरपूर चुना खाणाऱ्यांच्या रक्तातील कॅल्शियम वाढून मूत्रपिंड बिघडल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. गव्हाचा दाणा कुणाच्या हाताने हरभऱ्याएवढा होतो, हे घरातल्या बायकांना ठाऊक आहे. गरोदर बहिणीला कॅल्शियम हवेच असेल तर आशाताईंकडून किंवा आरोग्य केंद्रातून मोजलेली गोळी मिळते.

दुसरी गोष्ट ड जीवनसत्त्वाची. ऊन एवढे रणरणते असूनही आपल्या घरांतल्या अनेक स्त्रियांत ड जीवनसत्त्व कमी आढळते, आणि डॉक्टर ६०,००० युनिटची पुडी किंवा गोळी लिहून देतात. ती आठवड्यातून एकदा घ्यायची असते, तीही ठरावीक आठवडे. ती रोज घेतली गेली, किंवा बरे वाटले म्हणून महिनोन्‌महिने चालू राहिली, शिवाय वरून इंजेक्शनही झाले, तर रक्तातले कॅल्शियम चढते आणि मूत्रपिंडात चुना बसू लागतो. प्रौढ माणसाची रोजची गरज साधारण ६०० युनिटची आहे, हे लक्षात घेतले तर ६०,००० चा अर्थ कळेल. मळमळ, बद्धकोष्ठ, फार तहान, फार लघवी, भ्रम अशी लक्षणे दिसली तर पुडी थांबवून रक्तातले कॅल्शियम तपासावे. औषध वाईट नाही, मोजमाप चुकते.

दूध बंद करू नका

"पथरी कॅल्शियमची, मग दूध बंद." हा सल्ला इतका पसरला आहे की खडा झालेल्या घरात पहिली गदा दुधावर येते. इटलीत लोरिस बोर्गी आणि सहकाऱ्यांनी वारंवार कॅल्शियमचे खडे होणाऱ्या १२० पुरुषांचे दोन गट केले. एका गटाचे कॅल्शियम कमी केले. दुसऱ्याला नेहमीइतके कॅल्शियम दिले, पण मीठ आणि मांस कमी केले. पाच वर्षांनी कॅल्शियम तोडलेल्या ६० जणांपैकी २३ जणांना पुन्हा खडा झाला होता, दुसऱ्या गटात फक्त १२ जणांना. हा अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला.

कारण समजायला सोपे आहे. जेवणातले कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला धरून ठेवते आणि दोघे शौचावाटे बाहेर जातात. कॅल्शियम नसेल तर ऑक्झलेट मोकळे सुटते, रक्तात जाते आणि मूत्रपिंडात उतरते. म्हणून जेवणासोबत दही, ताक, दूध घ्यावे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या शिफारशीप्रमाणे प्रौढाला दिवसाला १,००० मिलिग्रॅम कॅल्शियम हवे. ते अन्नातून यावे, स्वतःच्या मनाने घेतलेल्या गोळ्यांतून नव्हे.

भरीत, टोमॅटो, पेरू बंद करणाऱ्यांसाठीही एक शब्द. वांग्याच्या किंवा टोमॅटोच्या बिया मूत्रपिंडापर्यंत पोचतच नाहीत. खडे होण्याची सवय असलेल्यांनी पालक, बीट, तीळ, मूठमूठ शेंगदाणे यांना आवर घालावा. केळी मात्र खावी. तिच्यातले पोटॅशियम चांगले. (मूत्रपिंड आधीच निकामी होत असेल, तर केळीही डॉक्टरांना विचारूनच.)

खानदेशी ताटातला खरा दोषी मीठ आहे. शेवभाजीतली शेव, उडदाचे पापड, बिबडे, लोणचे, वरून पाकिटातले चिवडे. जास्त मीठ खाल्ले की लघवीतून कॅल्शियम जास्त जाते. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे एक लहान चमचा. गोश्त पूर्ण सोडायला नको, पण रोज दोन्ही वेळा नको, आणि बकरी ईदच्या आठवड्यात पाणी आणि भाजी जरा जास्त असावी. लिंबू चांगले. त्यातले सायट्रेट खडा जमू देत नाही. फक्त सरबतात साखर-मीठ कमी.

कुळथाचे कढण, पानफुटीची पाने यांविषयी नेहमी विचारणा होते. कढणाने पोटात पाणी जाते, ते चांगलेच. पण ऑक्झलेटचा तयार खडा पाल्याने विरघळतो, असा भरवशाचा पुरावा नाही. युरिक ॲसिडचा खडा औषधाने विरघळू शकतो. त्यासाठी खडा कोणता, हे आधी माहीत हवे.

ऊन, पाणी आणि लाज

एप्रिल-मेमध्ये जळगाव-भुसावळचा पारा ४४-४५ अंशांवर जातो. घामातून पाणी जाते, लघवी दाट होते. अमेरिकेतील पाच शहरांतील ६० हजारांहून अधिक रुग्णांच्या नोंदींवरून २०१४ मध्ये असे दिसले की कडक उन्हाच्या दिवसानंतर तीन दिवसांच्या आत खड्याच्या दुखण्याचे रुग्ण सर्वाधिक वाढतात. बोर्गी यांच्याच १९९६ च्या अभ्यासात पहिला खडा झालेल्यांपैकी भरपूर पाणी पिणाऱ्या १०० जणांत पाच वर्षांत १२ जणांना पुन्हा खडा झाला, नेहमीइतकेच पिणाऱ्यांत २७ जणांना. याहून स्वस्त औषध आम्हाला ठाऊक नाही.

किती प्यावे? पाण्याचे पेले मोजण्यापेक्षा लघवी पाहावी. ती जवळजवळ पाण्यासारखी फिकट आणि दिवसाला अडीच लिटर असावी. त्यासाठी आपल्या उन्हाळ्यात तीन-चार लिटर पाणी सहज लागते. धुळ्यात यंत्रमागावर उभे राहणाऱ्याला, वीटभट्टीवर, केळीच्या बागेत राबणाऱ्याला त्याहूनही जास्त. (हृदयाचा आजार किंवा अंगावर सूज असेल तर पाण्याचे माप डॉक्टरांनी ठरवावे.)

आपल्या मुली-बायका पाणी पीत नाहीत, त्याचे कारण तहान नसणे हे नाही. शाळेतले संडास घाण, एसटी स्टँडवर आडोसा नाही, लग्नाच्या मंडपात जायची सोय नाही, म्हणून त्या सकाळपासून घोटभर पाण्यावर राहतात. हा दोष त्यांचा नाही. शाळेच्या पालक सभेत, मोहल्ल्याच्या बैठकीत, शादीखान्याच्या कमिटीत पुरुषांनी हा विषय काढावा. स्वच्छ संडास ही मूत्रपिंडाची दवा आहे.

रोजाविषयीही सांगायला हवे. २०१७ ते २०१९ या वर्षांत रमजान मे-जूनमध्ये आला होता आणि खानदेशातले ते रोजे सर्वांना आठवत असतील. रोजामुळेच खडे होतात, असे ठामपणे सिद्ध झालेले नाही. सौदी अरेबियातील एका अभ्यासात खड्याच्या कळा उन्हाळ्यात वाढल्या, रमजानमुळे वेगळी वाढ दिसली नाही. तरीही ज्यांना वारंवार खडे होतात त्यांनी इफ्तार ते सहरीच्या वेळेत पाणी वाटून प्यावे. एकदम लोटाभर नव्हे, तरावीहला जातानाही बाटली सोबत असावी. ज्यांच्या मूत्रपिंडात चुना पसरला आहे, एकच मूत्रपिंड आहे किंवा क्रिएटिनिन वाढले आहे, त्यांनी रमजानच्या महिनाभर आधी डॉक्टरांना विचारावे. आजारी माणसाने राहिलेले रोजे नंतर पूर्ण करावेत, ही सवलत कुरआन शरीफमध्येच (सूरह अल-बकरा) आहे. अल्लाहने दिलेली सवलत घेण्यात शरम कसली?

एवढे करा

पडलेला खडा फेकू नका, आणि नुसता पुडीत ठेवूही नका. डॉक्टरांच्या सल्ल्याने प्रयोगशाळेत त्याची तपासणी करून घ्या. ऑक्झलेट, फॉस्फेट, युरिक ॲसिड यांपैकी काय आहे, हे कळले की अर्धे कारण कळते.

दुसरा खडा झाला, किंवा खडा लहान मुलाला झाला, तर रक्तातील कॅल्शियम, क्रिएटिनिन, युरिक ॲसिड, पोटॅशियम आणि लघवीची तपासणी करा. २४ तासांची लघवी जमवून केलेली तपासणी त्रासाची वाटते, पण कॅल्शियम, ऑक्झलेट आणि सायट्रेट किती जाते हे तिनेच कळते. धुळ्यातील श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि २०१८ मध्ये सुरू झालेले जळगावचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय ही आपल्या जवळची सरकारी ठिकाणे आहेत. शस्त्रक्रिया लागणार असेल तर ती महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसते का, हे खर्च करण्याआधी रुग्णालयातील आरोग्यमित्राला विचारा.

सोनोग्राफीत दोन-तीन मिलिमीटरचे 'कॉन्क्रिशन' लिहिले आहे, म्हणून घाबरू नका. इतके बारीक कण कधी कधी खडेही नसतात, आणि पाच मिलिमीटरखालचे बहुतेक खडे आपोआप पडतात. पण दुखण्यासोबत थंडी-ताप आला, लघवी बंद झाली, रुग्ण गरोदर असला किंवा मूत्रपिंड एकच असले, तर त्याच रात्री मोठ्या दवाखान्यात न्या. तुंबलेल्या मूत्रपिंडात जंतू शिरले तर काही तासांत जीव धोक्यात येतो.

आणि दुखणे थांबले म्हणजे आजार संपला, असे धरू नका. मूत्रपिंडातला चुना मुकाट्याने वाढतो. तो ज्याच्या आत असतो त्याला कित्येक वर्षे काही जाणवत नाही. म्हणून बरे असतानाच एकदा घरातले जुने रिपोर्ट काढून पाहा. कुणाच्या कागदावर नेफ्रोकॅल्सिनोसिस लिहिलेले आहे का, कुणाला तीन-तीनदा खडे झाले आहेत का, कुणाची ड जीवनसत्त्वाची पुडी अजून चालू आहे का. हे पाहायला अर्धा तास पुरतो.

अल्लाह तुम्हा सर्वांना आरोग्य देवो. आमीन.